पार्कचं तिकीट आणि बहिरमचा पाळणा

आमच्या शाळेच्या सहलीची वही माझ्याकडे असते. डावीकडे मुलांची नावं, उजवीकडे जमा झालेले पैसे. गेल्या वर्षी पाचवी ते सातवीच्या ३८ मुलांपैकी ११ नावांपुढची जागा शेवटपर्यंत कोरी राहिली. आधीच्या वर्षांत अशी दोन-तीनच नावं असायची आणि आम्ही शिक्षक मिळून ते पैसे भरून टाकायचो. ११ जणांचं आम्हाला झेपलं नाही. त्यातल्या सहावीच्या एका मुलीला मी जवळ बोलावून विचारलं, तर ती म्हणाली, "सर, मले गाडी लागते." तिची आई कापूस वेचायला जाते. मी पुढे काही विचारलं नाही.

सहल नेहमीचीच होती. चांदूरबाजार तालुक्यातलं आमचं गाव ते नागपूरजवळचा वॉटर पार्क, पहाटे निघून रात्री परत. पालकसभेत एका बापाने उभं राहून विचारलं, "सर, पाणी तेच, घसरगुंडी तेच, मंग दरसाल भाव कायले वाढते?" मला नीट उत्तर देता आलं नाही. महागाई, असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली आणि ते दिवसभर मनाला लागून राहिलं. दिवाळीच्या सुट्टीत या विषयावर जे सापडलं ते वाचलं, कागदावर हिशेब मांडून पाहिले. पुढच्या पालकसभेत जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो आहे. पार्कला जावं की नाही हा प्रश्न फक्त शाळांचा नाही. उन्हाळ्यात लेकरं हट्ट धरतात तेव्हा तो प्रत्येक घरात येतो.

सुरुवात आपल्या बहिरमच्या यात्रेपासून करू. डिसेंबरच्या २० तारखेच्या आसपास ती भरते आणि महिनाभराहून जास्त चालते. रोडगे, हंडीतलं मटण, आणि खाली मैदानात आकाशपाळणा, ब्रेकडान्स, ड्रॅगनची रेल्वे. यात्रेत शिरायला पैसे लागत नाहीत. ज्या पाळण्यात बसायचं त्याचेच द्यायचे. आजी देवाला हात जोडून खाली पिशव्या राखत बसली, तर तिचा खर्च शून्य. नातू चार वेळा पाळण्यात बसला, तर चार वेळचे पैसे.

जगातलं सर्वांत प्रसिद्ध पार्क सुरुवातीला जवळजवळ याच पद्धतीने चालायचं. वॉल्ट डिस्नेचं डिस्नेलँड कॅलिफोर्नियात अॅनाहाइम इथे १७ जुलै १९५५ ला उघडलं. मोठ्या माणसाला आत शिरायला १ डॉलर, मुलांना त्याच्या निम्मे, आणि आतल्या प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे. काही महिन्यांतच त्यांनी कुपनांची पुस्तिका आणली. 'ए' कुपनावर साधे खेळ, 'बी', 'सी' वर त्याहून बरे. १९५९ मध्ये 'ई' कुपन आलं, ते सगळ्यात भारी खेळांसाठी. ही कुपनं १९८२ पर्यंत चालली. त्यानंतर एकच तिकीट झालं: एकदा पैसे भरा आणि दिवसभर कशातही बसा.

हा बदल दिसतो तेवढा लहान नाही. प्रवेशाचे किती घ्यावेत आणि पाळण्याचे किती, या कोड्यावर वॉल्टर ओई नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक निबंध लिहिला आणि उदाहरण डिस्नेलँडचंच घेतलं. वस्तू वापरण्याआधी दाराशी एक रक्कम आणि मग वापराप्रमाणे दुसरी रक्कम, अशी किंमत दोन भागांत कशी लावतात, याचा विचार त्यात आहे. आपल्या वीजबिलात हेच असतं. स्थिर आकार वेगळा, युनिटचे वेगळे. यात्रेत सगळा भार युनिटवर असतो, पार्कमध्ये सगळा भार स्थिर आकारावर.

एकदाच पैसे भरण्यात सोय मोठी आहे. लेकरू दर दहा मिनिटांनी हात पुढे करत नाही, आणि आपणही प्रत्येक पाळण्यापाशी खिसा चाचपत नाही. पार्कवाल्यांनाही दर खेळापाशी कुपन फाडणारा माणूस लागत नाही. पण दोन माणसांचं यात नुकसान होतं. एक आजी, जी एकाही घसरगुंडीवर जाणार नाही पण तिचंही तिकीट काढावं लागतं. दुसरं, ज्याच्याजवळ फक्त पन्नास रुपये आहेत ते मूल. यात्रेत पन्नास रुपयांचा पाळणा मिळतो. पार्कच्या दारात पन्नास रुपयांना काहीच मिळत नाही.

माझ्या वहीतल्या ११ कोऱ्या जागांचं मूळ मला इथे सापडलं. तिकीट वाढलं हे खरंच, पण या पद्धतीत अर्धी सहल करता येत नाही, हे त्याहून जास्त लागतं.

आता त्या बापाच्या प्रश्नाकडे येतो. पाणी तेच असताना भाव का वाढतो?

पार्क चालवण्याचा बराचसा खर्च तुम्ही गेलात तरी होतो आणि नाही गेलात तरी होतो. जागेचे पैसे, कर्जाचे हप्ते, वीज, पाणी स्वच्छ ठेवायची यंत्रणा, दर तलावाशी उभे राहणारे जीवरक्षक, यंत्रांची रोजची तपासणी, विमा. समजा हा सगळा मिळून एका पार्कचा दिवसाचा खर्च ५ लाख रुपये आहे. त्या दिवशी ५०० लोक आले तर माणशी १,००० रुपये पडतात, २,५०० आले तर फक्त २००. आणि २,५०१ वा माणूस आला, तर त्याच्यामुळे वाढणारा खर्च जवळजवळ काहीच नाही. घसरगुंडीवरून पाणी वाहतच असतं.

ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढे घासाघीस करताना ती कामी येणार आहे.

असा धंदा फार जोखमीचा असतो, कारण गर्दी वर्षभर सारखी नसते. आपल्याकडे वॉटर पार्कचा खरा हंगाम मार्च ते जून, नंतर दिवाळीची आणि नाताळची सुट्टी. पावसाळ्यात आणि मधल्या वारी पार्क बऱ्यापैकी मोकळं असतं, तरी हप्ता महिन्याच्या महिन्याला जातोच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेलं अॅडलॅब्ज इमॅजिका हे याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण. पार्क भव्य होतं, नावही झालं, पण कर्जाचा बोजा उतरेना. मार्च २०२० मध्ये कोरोनाने सगळीच पार्कं बंद पडली. शेवटी २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. त्यामुळे पार्कवाले नुसते लुटतात, असं मी मुलांसमोर म्हणत नाही. सोयाबीनवर सगळी भिस्त ठेवणाऱ्या आपल्या माणसाला एका हंगामावर बारा महिने काढणं काय असतं, ते वेगळं सांगायला नको.

नवे खेळ हे दरवाढीचं दुसरं कारण. एकदा बसलेला मुलगा पुन्हा त्याच घसरगुंडीसाठी तीनशे किलोमीटरची येजा करत नाही. त्याला परत आणायचं तर दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी नवं उभारावं लागतं, आणि त्याचे पैसे जुनंच खेळणाऱ्याच्या तिकिटातूनही निघतात. तिसरं कारण कर. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा थीम पार्क आणि वॉटर पार्कच्या प्रवेशावर २८ टक्के होता, २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्क्यांवर आला. म्हणजे तिकीट करासह १,१८० रुपयांचं असेल, तर पार्ककडे १,००० राहतात. पाटीवरची किंमत करासह आहे की कराशिवाय, हे विचारून घ्यावं. ३८ मुलांच्या हिशेबात तो फरक किरकोळ राहत नाही.

पण या कारणांनी एक गोष्ट उलगडत नाही. वरच्या हिशेबाने रविवारी माणशी खर्च सगळ्यात कमी पडतो, कारण गर्दी जास्त. मग तिकीट रविवारी स्वस्त हवं. प्रत्यक्षात बऱ्याच पार्कांमध्ये ते रविवारी महाग असतं.

कारण भाव नुसत्या खर्चावर ठरत नाही. लागवडीच्या खर्चावर भाव ठरत असता, तर आपल्या कापसाची ही गत झाली नसती. त्याच दिवशी, त्याच जागेसाठी आणखी किती लोक दारात उभे आहेत, यावर भाव ठरतो. दिवाळीत एसटीने दहा टक्के हंगामी भाडेवाढ केलेली आपण पाहिली आहे. त्याच दिवसांत पुण्याहून नागपूरला येणाऱ्या ट्रॅव्हल्सचं भाडं कुठे जातं, हे ज्यांची मुलं पुण्यात कामाला आहेत त्यांना विचारा. खासगी बसने एसटीच्या दीडपटीहून जास्त घेऊ नये, असं २०१८ मध्ये राज्य शासनाला ठरवून द्यावं लागलं. ताडोबाची सफारीसुद्धा शनिवार-रविवारी जास्त पैसे घेते. वाघ रविवारी वेगळा नसतो, जिप्सीच्या जागा मोजक्या असतात.

डिस्नेने अमेरिकेतल्या पार्कांमध्ये ही पद्धत २०१६ मध्ये आणली. एका दिवसाच्या तिकिटाचे गर्दीप्रमाणे वेगवेगळे दर. ऑक्टोबर २०२४ मध्ये डिस्नेलँडचं सर्वांत स्वस्त दिवसाचं तिकीट १०४ डॉलर होतं आणि सर्वांत गर्दीच्या दिवसाचं २०६. तेच पार्क, तेच खेळ, आणि किंमत जवळजवळ दुप्पट.

आता रांगेबद्दल. मला वाटतं सगळ्यात कमी समजलेली गोष्ट हीच आहे.

एका खेळात २४ माणसं बसतात आणि एक फेरी ४ मिनिटांची आहे असं धरा. तासाला १५ फेऱ्या, ३६० माणसं. आठ तासांत २,८८०. पार्कमध्ये त्या दिवशी ३,००० लोक असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला तो खेळ एकदाही पुरा येत नाही. यात्रेत पाळण्याला पैसे लागतात म्हणून माणूस दोनदा विचार करतो. पार्कमध्ये बसणं फुकट झाल्यावर सगळे सगळ्यात चांगल्या खेळाकडे धावतात आणि रांग वाढते. म्हणजे पाळण्याची किंमत गेली नाही, ती पैशांतून निघून वेळेत आली.

मग पार्कवाल्यांनी त्या वेळेचेही पैसे करायला सुरुवात केली. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास काढला तेव्हा तो फुकट होता. ठरलेल्या वेळी या, लांब रांग टाळा, एवढंच. २०२१ मध्ये त्याच्या जागी पैसे देऊन रांग टाळायची सोय आली. आपल्याकडच्या मोठ्या पार्कांमध्येही असे जास्त दराचे पास मिळतात. फिरून गाडी कुपनांवरच आली. 'ई' कुपनाच्या खेळाला पुन्हा वेगळे पैसे पडू लागले, फक्त प्रवेशाचं तिकीट आता तेव्हापेक्षा कितीतरी मोठं आहे. आणि कोणी पैसे देऊन पुढे गेलं की साध्या रांगेतला माणूस तेवढाच मागे सरकतो. मुलांना घेऊन रांगेत उभं असताना शेजारच्या वाटेने दुसरी मुलं पळत पुढे जातात, तेव्हा आपली मुलं आपल्याकडे बघतात. त्या बघण्याला माझ्याजवळ उत्तर नसतं. रांग ही एक जागा तरी सगळ्यांना सारखी असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

यावरून तिकीट मोजायची एक पद्धत निघते: तिकिटाला मिळालेल्या फेऱ्यांनी भागायचं. रविवारचं तिकीट १,२०० रुपये आणि दर खेळाला सरासरी ४० मिनिटं रांग, ५ मिनिटं खेळ असेल, तर सहा तासांत ८ फेऱ्या मिळतात. एक फेरी १५० रुपयांना पडली. मंगळवारचं तिकीट ९०० आणि रांग १० मिनिटांची असेल, तर खाणंपिणं, बसणं-उठणं सोडूनही १८ फेऱ्या सहज होतात. एक फेरी ५० रुपयांना. तिकिटात फरक ३०० चा दिसतो, एका फेरीच्या किमतीत तो तिपटीचा आहे. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, पण नेमके कोणते धरायचे ते तुम्ही एकदा घड्याळ लावून पाहिलंत की कळेल. गेल्या सहलीत मी पाहिलं. आमच्या मुलांना दिवसभरात मोठ्या घसरगुंड्या सरासरी सहा वेळा मिळाल्या. आम्ही शनिवारी गेलो होतो, कारण शनिवारी शाळा अर्धी बुडते. ती चूक माझी होती.

तिकिटावर बोलताना आपण बाकीचा खर्च विसरतो. चौघांच्या घराचा एक अंदाज मांडून पाहा. मोठ्यांची तिकिटं दोन हजार, मुलांची सोळाशे, म्हणजे ३,६००. जाण्यायेण्याचे १,६००. बाहेरचा डबा आत नेऊ देत नाहीत, म्हणून खाण्याचे १,२००. नायलॉनचे कपडे लागतात, ते आणि लॉकर भाड्याने, ६०० धरा. वर ४०० इकडचे तिकडचे, त्यात एखादा फोटो. एकूण ७,४००. तिकीट निम्म्याहून कमीच झालं. पार्कवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. काही वेळा तिकीट मुद्दाम आवाक्यात ठेवतात आणि आतल्या नाश्त्यावर कमावतात. म्हणून 'तिकिटावर सूट' अशी पाटी पाहिली की आधी आतल्या जेवणाचा भाव विचारावा.

यातला काही खर्च आपल्या हातातला आहे. कपडे घरून नेता येतात, फक्त कसलं कापड चालतं ते फोनवर विचारायचं. पार्कच्या फाटकाबाहेर झाडाखाली डबे उघडून, पोटभर जेवून मग आत शिरलं की दुपारचं खाणं सुटतं. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना त्याआधीपासून पूर्ण मोफत आहे, आणि शालेय सहलीला एसटी निम्मी सवलत देते. उंचीवरून मुलांचं तिकीट ठरत असेल, तर घरीच भिंतीला उभं करून माप घ्यावं. दारात ऐनवेळी वाद घातला की मुलाला उगीच लाजल्यासारखं होतं.

तरीही मूळ प्रश्न राहतोच. ७,४०० रुपये महाग आहेत की नाहीत?

रुपयाकडे पाहून हे कळत नाही, कारण रुपयाच बदलतो. मी मजुरीत मोजतो. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०१३-१४ मध्ये दिवसाला १६२ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ३१२ झाला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१३-१४ मध्ये क्विंटलला ४,००० होता, २०२५-२६ मध्ये ८,११०. दोन्ही जवळजवळ दुप्पट. म्हणजे तेव्हा ६०० असलेलं तिकीट आज १,२०० झालं असेल, तर कागदावर ते महाग झालं नाही. त्याहून जास्त वाढलं असेल, तर झालं. फक्त हमीभाव जाहीर होतो आणि हातात किती पडतो यातलं अंतर तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा कापूस ज्या भावाने गेला, तोच भाव धरा.

अमेरिकेचंही याच मापाने पाहिलं. १९५५ च्या ऑक्टोबरात आठ खेळांसह प्रवेशाची पुस्तिका अडीच डॉलरला मिळायची आणि कायद्याने ठरलेली किमान मजुरी तासाला ७५ सेंट होती. साडेतीन तासांहून कमी काम केलं की डिस्नेलँडचा एक दिवस. आज तिथली केंद्रीय किमान मजुरी ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढीच. सगळ्यात स्वस्त तिकिटाला १४ तासांहून जास्त काम. कॅलिफोर्नियाची स्वतःची मजुरी जास्त आहे, २०२५ मध्ये १६.५० डॉलर. त्या हिशेबानेही सहा तासांवर जातं, आणि हा सर्वांत मोकळ्या दिवसाचा दर आहे. तिथल्या कामकरी घरांतही डिस्नेलँडला जायची वर्षानुवर्षांची सवय मोडावी का, असा विचार चालला असेल तर नवल नाही.

आपल्याकडचा हिशेब आणखी सरळ आहे. वेचणी किलोवर असते. दर दहा रुपये धरला, तर एका हजाराच्या तिकिटाला १०० किलो कापूस वेचावा लागतो. चांगला हात असलेल्या बाईचे ते दोन-अडीच दिवस, कंबर वाकवून. पालकसभेत मी फळ्यावर '१ तिकीट = १०० किलो' असं लिहिलं, तेव्हा कोणी बोललं नाही. मागे बसलेल्या एका बाईने आपल्या बोटांकडे पाहिलं. बोंडाच्या टोकांनी सोललेली होती.

म्हणून जाऊच नये का? मला तसं वाटत नाही. उंच घसरगुंडीच्या टोकाशी उभं राहून, खाली बघून, घाबरून, तरीही उडी घेणारं मूल मी पाहिलं आहे. खाली आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते वर्गात आणता येत नाही. आमच्या मुलांना उन्हाळी शिबिरं नाहीत, पोहण्याचे क्लास नाहीत. वर्षातून एक दिवस ती निव्वळ मूल असतात. त्या दिवसासाठी १०० किलो कापूस जास्त आहे की कमी, हे मी ठरवू शकत नाही, वेचणारीनेच ठरवायचं. फक्त ठरवताना सगळा आकडा समोर असावा, आणि मूल शेजारच्या मुलासमोर कमी पडू नये या एका भीतीने ठरवू नये. मागच्या वर्षी गेलो म्हणून यंदाही गेलंच पाहिजे, हेही काही कारण नाही. वर्षभराचे पास याच सवयीवर विकले जातात. नागपुरात राहून चार-पाच वेळा जाणाऱ्याला तो पास परवडेल. आपल्यासारख्या दीडशे किलोमीटरवरच्या माणसाने पास काढला, तर पास वसूल करण्यासाठीच पुन्हा एसटीचे पैसे घालावे लागतील.

मला या सगळ्यात शेगाव आठवत राहतं. श्री गजानन महाराज संस्थानाने उभारलेलं आनंदसागर. तलाव, मधल्या बेटावर ध्यानकेंद्र, मुलांची झुकझुक गाडी. तिकीट इतकं माफक की अख्खं गाव ट्रॅक्टरने जायचं. मधली काही वर्षं ते बंद होतं, मग टप्प्याटप्प्याने उघडलं. तिथे भाव कमी राहू शकला, कारण नफा काढायचा नव्हता आणि संस्थानात पाळीपाळीने येणारे सेवाधारी पगार घेत नाहीत. त्याचाही खर्च होताच. तो कोणी श्रमाने दिला, कोणी देणगीने. पार्कचा खर्च कोणाला तरी द्यावा लागतोच, पण तो सगळा दारात उभ्या असलेल्या मुलाकडूनच घ्यावा असं काही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी आमदारांच्या हस्ते बागा होतात, त्यात दोन चांगल्या घसरगुंड्या, एक उथळ तलाव आणि तो सांभाळायला कायमचा माणूस दिला, तर आमच्या वहीतल्या कितीतरी जागा भरतील. उद्घाटनाचा दिवस एक असतो, सांभाळायचे दिवस ३६४. पैसा नेमका त्या ३६४ साठी लागतो, आणि तोच मिळत नाही.

आम्ही काय ठरवलं ते सांगतो. वॉटर पार्क दर वर्षी नाही, तीन वर्षांतून एकदा. पाचवी, सहावी, सातवी मिळून प्रत्येक मुलाला तो शाळेच्या काळात एकदा नक्की मिळेल. केंद्रातल्या आणखी तीन शाळा सोबत येणार, म्हणजे दीडशेच्या वर मुलं होतात. एवढी मुलं आणि मधला वार म्हटल्यावर पार्कचा माणूस फोनवर वेगळ्या आवाजात बोलायला लागला. २,५०१ व्या माणसाचा खर्च त्याला जवळजवळ शून्य आहे, हे आता मलाही माहीत होतं. मी दर मागितला, तो नाही म्हणाला, मी दुसऱ्या पार्कला विचारतो म्हटलं. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. दर बराच खाली आला आणि दहा मुलांमागे एक शिक्षक मोफत धरायचं ठरलं. ते वाचलेले पैसे आम्ही मुलांच्या खात्यात टाकले. जूनपासून दर महिन्याला वीस रुपयांची भिशी सुरू केली आहे. ज्याला वीस जमत नाहीत त्याने दहा द्यावेत. कोणी किती दिले, ते वहीत माझ्याशिवाय कोणी पाहत नाही.

मधल्या वर्षांत जवळची ठिकाणं. यंदाचं ठिकाण बहिरम होतं.

एका सोमवारी सकाळी सगळी मुलं गेली, ३८ च्या ३८. प्रत्येकाच्या हातात शाळेने साठ रुपये दिले आणि सांगितलं, पाळण्यात बसा, नाहीतर जिलबी खा, तुमची मर्जी. काहींनी सगळे पैसे खाण्यात घातले. एकाने आईसाठी बांगड्या घेतल्या. गाडी लागणारी ती मुलगी आकाशपाळण्यात दोनदा बसली. दुसऱ्यांदा वर गेल्यावर तिने दोन्ही हात सोडले. खाली उतरल्यावर मी तिला विचारलं, "काय गं, चक्कर नाही आली?"

"नाई सर," ती म्हणाली. "वरून आमचं गाव दिसते का, ते पाहत होती."